'इतर हाय-रिस्क पॉझिटिव्ह' : रिपोर्टमधल्या एका ओळीबद्दल

प्रश्न ४२ वर्षांच्या एका ताईंचा आहे. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये त्यांची एचपीव्ही तपासणी झाली, म्हणजे गर्भाशयमुखाचा (पिशवीच्या तोंडाचा) कॅन्सर करू शकणाऱ्या व्हायरसची. रिपोर्टवर तीन ओळी आल्या: एचपीव्ही १६ निगेटिव्ह, एचपीव्ही १८ निगेटिव्ह, इतर हाय-रिस्क पॉझिटिव्ह. पॅप, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी, नॉर्मल आहे, त्रास काहीही नाही. जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं तर 'दोन मुलं झालीत ना, पिशवी काढून टाका, कटकट नको' असा सल्ला मिळाला. त्यांची मावशी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. रिपोर्ट आल्यापासून नवरा गप्प आहे आणि सासूबाईंनी ताट-पेला वेगळा केला आहे. त्यांना विचारायचं आहे की हा कुठला स्ट्रेन, यातून कॅन्सर होणारच का, आणि १३ वर्षांच्या मुलीला लस द्यावी का.

ताई, आधी पिशवीचं. काढू नका. तुम्ही कळवलंय तेवढंच खरं असेल, तर तुमच्या शरीरात काढण्यासारखं आज काहीही नाही. शिवाय पिशवी काढल्याने हा व्हायरस जातोच असंही नाही, तो योनीमार्गाच्या त्वचेत राहू शकतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला, तेव्हा कॅन्सरची भीती घालून ऑपरेशनं केल्याच्या तक्रारी पुढे आल्या होत्या. शहरात ही भीती इंग्रजीत छापलेल्या रिपोर्टवरून घातली जाते, एवढाच फरक.

आता 'स्ट्रेन'. करोनाने आपल्या सगळ्यांच्या तोंडी स्ट्रेन आणि व्हेरिएंट हे शब्द बसवले, आणि तेव्हापासून पेशंट 'माझा कोणता स्ट्रेन?' असंच विचारतात. एचपीव्हीत मात्र आकड्यांनी ओळखतात त्यांना टाइप म्हणतात. एका विशिष्ट जीनमध्ये १० टक्के किंवा जास्त फरक असेल तर नवा टाइप, नवा नंबर. करोनासारखा तो दर सहा महिन्यांनी रूप बदलत नाही. हे टाइप लाखो वर्षांत एकमेकांपासून वेगळे झालेले आहेत, म्हणजे आकडे शेजारी असले तरी १६ आणि १८ ही सख्खी भावंडं नव्हेत. आजवर असे २०० हून जास्त टाइप सापडलेत. बरेचसे हातापायांच्या कातडीवर राहतात आणि फार तर चामखीळ देतात. जननेंद्रियांच्या नाजूक त्वचेत राहणारे चाळीसेक. त्यातल्या १२ टाइपना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात निश्चित कॅन्सर करणारे म्हटलं आहे. तुमच्या रिपोर्टमधला 'हाय-रिस्क' हा शब्द या यादीवरून आलेला आहे. त्याचा अर्थ तुमची जोखीम मोठी आहे असा नसून, हा टाइप त्या यादीतल्यांपैकी, किंवा तिच्या आसपासचा, आहे एवढाच होतो. हे काउंटरवर कुणी समजावून सांगत नाही. बाई कागदावर हाय-रिस्क वाचते आणि घरी जाऊन जेवत नाही.

हा व्हायरस कॅन्सर करतो तरी कसा? त्याची सगळी जनुकीय चिठ्ठी जेमतेम ८ हजार अक्षरांची. आपली ३०० कोटींची. एवढ्याशा चिठ्ठीत स्वतःच्या प्रती काढायची यंत्रसामग्री मावत नाही, म्हणून तो आपल्या पेशीची वापरतो. अडचण अशी, की तो ज्या वरच्या थरात राहतो तिथल्या पेशींनी विभाजन थांबवलेलं असतं, दुकान बंद झालेलं असतं. ते पुन्हा उघडायला त्याच्याकडे ई-६ आणि ई-७ नावाची दोन प्रथिनं आहेत. ई-७ हे पेशीचा 'आरबी' नावाचा ब्रेक निकामी करतं. असा ब्रेक सुटला की पेशीतलं 'पी-५३' हे प्रथिन खरं तर जागं होतं आणि पेशीला थांबवतं, नाही तर मरायला लावतं. म्हणून ई-६ त्या पी-५३ वर टाकाऊचा शिक्का मारून पेशीच्याच कचरा-यंत्रणेकडून त्याची विल्हेवाट लावतं. पहारेकरी गेला, ब्रेक गेला, पेशी वाढत सुटते. साधी चामखीळ देणाऱ्या ६ आणि ११ नंबरच्या टाइपकडेही ही दोन प्रथिनं आहेत, पण दुबळी, आणि टाइपच्या फरकाचं मूळ इथे आहे.

यात व्हायरसचा काहीही फायदा नाही. बऱ्याच गाठींमध्ये त्याची चिठ्ठी तुटून आपल्या गुणसूत्रात अडकलेली असते. तुटताना बहुधा ई-२ हा भाग निकामी होतो, आणि ई-६, ई-७ ला आवर घालणारा तोच होता. मग ती दोन प्रथिनं मोकाट सुटतात, पण नवा व्हायरस तयार होणं थांबतं. कॅन्सर हा त्याच्या दृष्टीने आडवाटेला लागून झालेला अपघात.

याचा सगळ्यात बोलका पुरावा प्रयोगशाळांच्या फ्रीजमध्ये आहे. १९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स ही ३१ वर्षांची बाई गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. तिला न विचारता तिच्या गाठीतल्या पेशी घेतल्या गेल्या होत्या, त्या 'हेला' पेशी आजही जगभर वाढतायत. तिच्या गाठीत काय होतं ते कळायला तीस वर्षं लागली. जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउसेन यांच्या गटाने १९८३ मध्ये टाइप १६ वेगळा काढला, १९८४ मध्ये १८, आणि १८ हेला पेशींमध्येही निघाला. त्याआधी या कॅन्सरसाठी दुसऱ्याच, हर्पिसच्या व्हायरसवर संशय घेतला जात होता. त्सूर हाउसेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. पुढे एका प्रयोगात हेला पेशींमधली ई-६ आणि ई-७ बंद केली, तर त्या दशकानुदशकं वाढणाऱ्या पेशी विभाजन थांबवून म्हाताऱ्या झाल्या. इतक्या वर्षांनंतरही त्या या दोन प्रथिनांवरच जगत होत्या.

तुमच्या रिपोर्टवर १६ आणि १८ वेगळे का छापतात, याचं कारण आकड्यांत आहे. जगभरातल्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे ७० टक्के या दोघांमुळे होतात, भारतात तर त्याहूनही थोडे जास्त. अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये २० हजारांहून जास्त बायकांचा १० वर्षं पाठपुरावा झाला. सुरुवातीला ज्यांच्यात १६ होता त्यांच्यापैकी सुमारे १७ टक्के जणींमध्ये दहा वर्षांत गंभीर पूर्वकर्क बदल (कॅन्सरच्या आधीचे पेशींतले बदल) किंवा कॅन्सर सापडला. १८ असलेल्यांमध्ये सुमारे १४ टक्के. इतर हाय-रिस्क टाइप असलेल्यांमध्ये ३ टक्के. काहीच नसलेल्यांमध्ये १ टक्क्याहून कमी. तुम्ही त्या ३ टक्क्यांच्या रांगेत आहात. आणि त्या ३ मध्येही बहुतेक पूर्वकर्क बदल धरलेत, म्हणजे बाह्यरुग्ण विभागात दहा-पंधरा मिनिटांत उपचार होणारी गोष्ट.

१८ बद्दल एक वेगळी सावधगिरी असते. तो ग्रंथींच्या पेशींमधल्या कॅन्सरशी जास्त जोडलेला आहे. हा कॅन्सर गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीत, वर कुठेतरी सुरू होतो आणि पॅपच्या ब्रशला सहज सापडत नाही. म्हणून १८ पॉझिटिव्ह आणि पॅप नॉर्मल असं आलं तरी आम्ही निर्धास्त होत नाही.

'इतर' हा मात्र एक डबा आहे. मशीन त्यात डझनभर टाइप एकत्र टाकतं आणि एकच उत्तर देतं. त्या डब्यात ३१, ३३, ४५, ५२, ५८ आहेत, ज्यांच्याकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि ६६ सारखाही आहे, जो वर सांगितलेल्या त्या १२ जणांत बसतच नाही. तुमचा नेमका कुठला, ते वेगळ्या महागड्या तपासणीत कळू शकतं. तुमच्या बाबतीत मी त्यासाठी पैसे घालायला सांगणार नाही. आकडा कळला तरी आज करायचं ते बदलणार नाही.

खऱ्या अर्थाने ज्याला स्ट्रेन म्हणावं तो फरक टाइपच्या आत असतो. एकट्या १६ च्या ए, बी, सी, डी अशा चार शाखा आहेत. अमेरिका खंडात जास्त सापडणारी डी शाखा ग्रंथींच्या कॅन्सरची जोखीम बरीच वाढवते. २०१७ मध्ये १६ नंबरच्या पाच हजारांहून जास्त नमुन्यांची अक्षरं शेजारी-शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. कॅन्सर न झालेल्या बायकांमधल्या व्हायरसच्या ई-७ मध्ये बरेच किरकोळ बदल होते, कॅन्सर झालेल्यांमध्ये ते जवळपास नव्हते. कॅन्सर करायचा तर ई-७ ला आपलं मूळ रूप जपावंच लागतं. मला हा निष्कर्ष फार आवडतो, पण ओपीडीत अजून त्याचा उपयोग शून्य. कुणी तुमच्या शाखेची टेस्ट करून देतो म्हणालं तर पाकीट आत ठेवा.

मी गेली वीस-बावीस वर्षं पेशंटना एकच गोष्ट सांगत आलेय: व्हायरस सापडणं वेगळं आणि टिकणं वेगळं. संबंध येणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही होतोच, आणि दहातल्या साधारण नऊ जणींच्या शरीरातून तो दोन वर्षांत दिसेनासा होतो. औषध न घेता. त्यावर औषध नाहीच, त्यामुळे 'व्हायरस मारणाऱ्या' गोळ्या, जेल, काढे यांवर खर्च करू नका. उरलेल्या एखादीत तो तळ ठोकतो. अशा ठिकाणी वर्षानुवर्षांत पूर्वकर्क बदल होतात, आणि तेही सगळे पुढे जात नाहीत. हे आपल्याला कसं कळलं, तो इतिहास कडू आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला १९६० च्या दशकापासून एका डॉक्टरांनी, हे बदल निरुपद्रवी आहेत हे सिद्ध करण्याच्या नादात, कित्येक बायकांना पुरेसा उपचारच दिला नाही आणि त्या बायकांना ते माहीतही नव्हतं. पुढे चौकशी झाली. त्या नोंदींवरून समजलं, की सर्वांत गंभीर पायरीचा बदल तसाच सोडला तर ३० वर्षांत सुमारे ३१ टक्के बायकांना कॅन्सर होतो. तुम्ही त्या पायरीवर नाही. त्याआधीच्या पायऱ्यांवरही नाही.

मावशीचं. हा कॅन्सर घराण्यात उतरतो असं धरून बसू नका. तिच्या काळी तपासणीच होत नव्हती, एवढंच कारण तिच्या मृत्यूला पुरेसं असू शकतं.

आता घरातलं, कारण त्याचाच त्रास तुम्हाला जास्त होतोय असं तुमच्या प्रश्नावरून वाटलं. हा व्हायरस त्वचेला त्वचा लागून, मुख्यतः शरीरसंबंधातून जातो. ताट, पेला, टॉवेल वेगळा करून काही साधत नाही. कॅन्सर तर एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातच नाही. सासूबाईंना एवढंच सांगा, की डॉक्टरीणबाईंनी ताट एकत्र ठेवायला सांगितलंय.

नवऱ्याच्या गप्प बसण्याचं उत्तर जरा अवघड. तो तुमच्यावर संशय घेतोय की स्वतः काही आठवून गप्प आहे, मला माहीत नाही, आणि रिपोर्टलाही माहीत नसतं. हा व्हायरस कित्येक वर्षं इतक्या कमी संख्येने दबून राहू शकतो की टेस्टमध्ये येत नाही, आणि मग चाळिशीत एकदम दिसतो. तो लग्नाआधीचा असेल, लग्नानंतरचा असेल, तुमच्याकडून असेल, त्याच्याकडून असेल. तारीख काढणारी टेस्ट नाही. पुरुषांसाठी नेहमीच्या वापरातली मान्यताप्राप्त टेस्टही नाही, त्यामुळे 'त्यांचीही करून घेऊ' हा मार्ग बंद आहे. माझ्याकडे एक जोडपं हा रिपोर्ट वकिलाला दाखवून मग आलं होतं. मी त्यांना म्हटलं, यावरून मी उपचार ठरवू शकते, चारित्र्य नाही. पुढच्या भेटीला नवऱ्याला सोबत आणा. बरेच पुरुष डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की मोकळे होतात.

व्हायरस आणि कॅन्सरचं नातं इतरत्रही असंच, अर्धवट असतं. एपस्टाइन-बार व्हायरस जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात आहे. आफ्रिकेत मलेरियाच्या पट्ट्यात तो लहान मुलांच्या जबड्याच्या गाठींशी जोडलेला आहे, दक्षिण चीनमध्ये आणि आपल्याकडे नागालँडमध्ये नाकामागच्या घशाच्या कॅन्सरशी, आणि बाकी आपण सगळे तो घेऊन सुखाने फिरतोय. यकृताला सूज आणणाऱ्या हेपटायटिस बी व्हायरसच्या बाबतीत तैवानमध्ये त्याचा 'सी' जीनोटाइप (जनुकीय उपप्रकार) 'बी' जीनोटाइपपेक्षा यकृताच्या कॅन्सरकडे जास्त झुकलेला दिसला. व्हायरसच्या जोडीला आणखी काहीतरी लागतं. एचपीव्हीसाठी ते 'आणखी काहीतरी' म्हणजे मुख्यतः कमकुवत प्रतिकारशक्ती, शिवाय धूम्रपान. एचआयव्ही असलेल्या बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जोखीम साधारण सहापट असते. एचआयव्ही असेल, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील (किडनी बदलली असेल, स्टेरॉइड रोजचं असेल), तर माझं पुढचं वेळापत्रक तुम्हाला लागू नाही, तेव्हा आधी तसं सांगा.

वेळापत्रक हे: बरोबर १ वर्षाने पुन्हा एचपीव्ही टेस्ट. निगेटिव्ह आली तर तो गेला किंवा दबला, मग नेहमीची तपासणी तुमच्या डॉक्टर ठरवून देतील त्या अंतराने. पुन्हा पॉझिटिव्ह आली, मग ती 'इतर' असली तरी, कॉल्पोस्कोपी. म्हणजे दुर्बिणीसारख्या यंत्राने पिशवीचं तोंड मोठं करून पाहायचं, व्हिनेगरमधलंच पातळ ॲसिड लावायचं, जिथे पांढरा डाग उठेल तिथून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घ्यायचा. भूल लागत नाही, चिमटा घेतल्यासारखं वाटतं. बदल निघाले तर गरजेप्रमाणे तेवढाच भाग उष्णतेने जाळतात किंवा तारेच्या फाशाने काढतात. १६ किंवा १८ आला असता तर वर्षभर न थांबता मी तुम्हाला थेट कॉल्पोस्कोपीला घेतलं असतं. मधल्या काळात संबंधानंतर रक्त दिसलं, दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावरून लाल गेलं, किंवा पांढऱ्याला घाण वास येऊ लागला, तर रिपोर्ट कितीही नॉर्मल असला तरी त्याच आठवड्यात या. अशी तक्रार असताना एचपीव्ही टेस्टवर विसंबायचं नसतं, डोळ्यांनी पाहायचं असतं.

एका टेस्टवर मी एवढी मदार का ठेवते? त्याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १९९९ पासून बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलच्या आणि मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या लोकांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन मोठी चाचणी केली. गावांचे चार गट: एचपीव्ही टेस्ट, पॅप, व्हिनेगरची तपासणी आणि नेहमीची व्यवस्था. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे केले. त्या गटात ३४, तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ मध्ये हे छापून आलं आणि जगाची धोरणं बदलली. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही, यावर नंतर वाद झाला, आणि तो रास्त होता. पण ज्या बायका रोजगार बुडवून तपासायला आल्या, त्यांच्यामुळे आज मी तुम्हाला 'वर्षभर थांबा' असं ठामपणे म्हणू शकते.

मुलीला लस द्या. तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे म्हणून नव्हे, तिचं वय योग्य आहे म्हणून. लस आधी झालेला संसर्ग घालवत नाही, त्यामुळे ती संबंध सुरू होण्याच्या खूप आधी द्यायची असते, ९ ते १४ हा उत्तम काळ. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्वाव्हॅकला २०२२ मध्ये परवानगी मिळाली, ती ६, ११, १६ आणि १८ वर चालते. नऊ टाइपवाली आयात लस ३१, ३३, ४५, ५२, ५८ ही घेते, पण बरीच महाग आहे. परवडत असेल तर ती द्या, नसेल तर सर्वाव्हॅक देऊन निश्चिंत व्हा. नऊवालीसाठी पैसे साठवत वर्षं घालवणं हा सगळ्यात वाईट पर्याय.

डोस किती, यात एक गंमत आहे. २००९ मध्ये भारतात दोन डोस विरुद्ध तीन डोस अशी चाचणी सुरू झाली होती, बार्शी आणि पुणे ही तिच्या केंद्रांपैकी होती. एप्रिल २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच लसीकरण प्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला आणि सरकारने देशभरातल्या अशा चाचण्यांमध्ये लस देणं थांबवलं. ते मृत्यू लसीमुळे नव्हते असं चौकशीत निघालं, पण पालकांची संमती घेण्यात घातलेला गोंधळ खराच होता. या थांबवण्यात जवळपास ५ हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी पाहिलं तर १६ आणि १८ चा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एक डोस दोन-तीन डोसांइतकाच, ९५ टक्क्यांच्या आसपास, परिणामकारक निघाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एका डोसालाही मान्यता दिली, त्यात या बिनठरवलेल्या पुराव्याचा मोठा वाटा आहे. सर्वाव्हॅकच्या पत्रकावर या वयाला दोन डोस लिहिलेले आहेत. खासगीत देताना मी दोनच देते.

मुलगा असेल तर त्यालाही ही लस चालते. आणि तुम्हाला स्वतःला? या वयात, पॉझिटिव्ह असताना, मी सुचवणार नाही. ते पैसे पुढच्या वर्षीच्या टेस्टला ठेवा.

हा रिपोर्ट फाडू नका, आणि सासूबाईंच्या नजरेस पडू नये म्हणून लपवलात तरी कुठे ठेवला ते लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी लॅब बदलली तर टेस्टचं नाव आणि मशीनचा प्रकार जुळतो का ते पाहावं लागतं, कारण प्रत्येक मशीन त्या 'इतर'च्या डब्यात तेच टाइप टाकतं असं नाही. पॅपची काचपट्टी लॅबकडून मागून घेता आली तर घ्या. पाळी संपल्यावर आठवडाभरानंतरची वेळ ठरवा, आणि आदल्या दोन दिवसांत योनीमार्गात ठेवायची कुठलीही गोळी किंवा क्रीम वापरू नका.